सारसाची दोन अंडी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही. तळी, बोड्या आणि धानाच्या बांध्या आहेत. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः इथेच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. पण घरटे पाणथळीतल्या गवताचे आणि अंडी बहुधा दोनच.

एका पावसाळ्यात जोडीने आमच्याच बांधीत घर मांडले. रोवलेले धान मोडलेले पाहून आम्ही घरटे उपटायलाच निघालो. अब्बांनी अडवले. म्हणाले, "दोन पायल्या धान जाईल, पुढल्या साली येईल. ही दोन गेली तर कुठून आणाल?"

त्या कोपऱ्यात आम्ही फवारणी केली नाही. एक पिल्लू उडाले.

पक्ष्यांकडे पाहायला सलीम अलींनी देशाला शिकवले, आम्हाला अब्बांनी. आज ते नाहीत. कोपरा रिकामा दिसला की भरल्या धानातही बांधी ओकीबोकी वाटते.