पाच पायऱ्या

आमच्या चर्चच्या दर्शनी दाराला पाच पायऱ्या आहेत. काळ्या दगडाच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मध्यभागी झिजलेल्या. या धर्मग्रामात आल्यापासून सहा वर्षे आम्ही त्या दिवसातून चार-पाच वेळा चढत-उतरत होतो. परंतु त्या पाच आहेत, हे आम्ही २०२३ सालच्या जुलै महिन्यात प्रथम मोजले. त्यासाठी आम्हांला वॉशिंग्टनपर्यंत जाऊन यावे लागले. ती हकिकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. तीत थोडा प्रवास आहे आणि थोडी आमची कबुली आहे.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षक दांपत्य राहते. सारा गाव त्यांना मास्तर आणि बाई म्हणूनच ओळखतो, तेव्हा आम्हीही येथे तेवढेच म्हणू. बाईंना १९५९ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पोलिओची लस १९५५ मध्ये जगाला मिळाली होती. आमच्या वाडीपर्यंत ती वेळेत पोहोचली नाही. पुढे आयुष्यभर उजव्या पायात लोखंडी कॅलिपर आणि काखेत कुबडी घेऊन बाई चालल्या. एसटीत चढल्या, तीस वर्षे वर्गात उभ्या राहून शिकवले, मुलांना धर्मशिक्षण दिले, रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन केले. लुगड्याच्या निऱ्या अशा बेताने नेसत की कॅलिपर कुणाच्या नजरेस पडू नये. साठी ओलांडल्यावर मात्र ज्या स्नायूंनी इतकी वर्षे दुप्पट ओझे वाहिले, तेच थकू लागले. पोलिओ होऊन गेलेल्या पुष्कळ रुग्णांना उतारवयात असे होते, असे डॉक्टर सांगतात. प्रथम बाजार सुटला, मग शाळेतले कार्यक्रम सुटले, आणि एके रविवारी चर्चही सुटले. आम्ही आमच्या वहीतील आजाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव घातले आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेऊ लागलो. आपण आपले कर्तव्य पार पाडीत आहोत, असे आम्हांला मनापासून वाटत होते.

त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून त्याने दोघांना बोलावून घेतले आणि आईसाठी एक घडीची मोबिलिटी स्कूटर आणली. ही स्कूटर म्हणजे आपल्याकडची दुचाकी नव्हे. खुर्चीसारखी बैठक, पुढे हँडल, खाली बॅटरीवर फिरणारी चार छोटी चाके. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका. त्या उन्हाळ्यात आम्ही तेथील एका धर्मग्रामात रजेवरील धर्मगुरूंच्या जागी महिनाभर सेवेसाठी गेलो होतो. मुलाला कामातून सुटी मिळेना, तेव्हा राजधानी पाहण्याच्या चार दिवसांत आम्ही सोबत असावे, अशी त्याने विनंती केली.

विमानतळावरच पहिला धडा मिळाला. स्कूटर घडी करून सामानात जाते, पण लिथियमची बॅटरी काढून प्रवाशाने आपल्याजवळ ठेवायची असते. ती एकच असेल तर तीनशे वॅट-तासांहून मोठी चालत नाही. विमान कंपनीच्या खिडकीपाशी अर्धा तास तपासणी चालली. बाई शांतपणे पर्समधून कागद काढीत होत्या. मास्तरांनी बॅटरी मांडीवर तान्ह्या मुलासारखी धरली होती. "चाळीस वर्षांत हिचा एवढा भार मी कधी उचलला नव्हता," असे ते म्हणाले, तेव्हा पलीकडची तरुण कर्मचारी कशाला हसते आहोत हे न कळताही हसली.

शहरात उतरल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. चाकांची खुर्ची ढकलणारा जिकडे नेईल तिकडे बसणाऱ्याला जावे लागते. स्कूटरवर मात्र हँडल बाईंच्या हाती होते. त्यांना खिडकीतली एखादी वस्तू पाहावीशी वाटली की त्या थांबत. रस्ता ओलांडावासा वाटला की वळत. जन्मभर बाईंसाठी पावले आखडून चालणारे मास्तर आता धापा टाकीत मागून येत आणि म्हणत, "अगो, जरा दमानं!" बाईंच्या मुद्रेवर त्या वेळी जे दिसे, ते आम्ही त्यांच्या ओटीवर कधी पाहिले नव्हते.

वॉशिंग्टनची भुयारी रेल्वे १९७६ साली सुरू झाली. आज तिची अठ्ठ्याण्णव स्थानके आहेत आणि प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. हे कुणाच्या औदार्याने घडले असेल असे आम्हांला वाटले होते. परंतु त्यामागे भांडण आहे. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारती अपंगांना वापरता आल्या पाहिजेत, असा कायदा तेथे १९६८ मध्येच झाला होता. तरीही खर्चाचे कारण सांगून लिफ्ट टाळण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा अपंग नागरिकांनी आणि त्यांच्या संघटनांनी न्यायालयाचे दार ठोठावले. गॅलरी प्लेस नावाचे शहराच्या मध्यभागातील स्थानक बांधून तयार होते, पण त्यात लिफ्ट नव्हती. न्यायालयाच्या आदेशामुळे ते कित्येक महिने बंद राहिले; गाड्या तेथे न थांबता पुढे जात. लिफ्ट झाल्यावर डिसेंबर १९७६ मध्ये त्याचे दार उघडले. आम्ही त्याच स्थानकातल्या लिफ्टने वर आलो. आत बाबागाडीतले बाळ घेऊन एक आई होती, दोन मोठ्या बॅगा घेतलेला एक प्रवासी होता आणि काठी टेकणारे एक आजोबा होते. ज्यांच्यासाठी लिफ्ट झाली त्या एकट्या बाईच होत्या; उपयोग मात्र सर्वांना होत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे स्मारक पाहण्यास गेलो. या गृहस्थांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पोलिओने गाठले असे त्या काळी निदान झाले. पुढे ते चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, परंतु आपली चाकांची खुर्ची त्यांनी लोकांच्या नजरेआड ठेवली. पायांना पोलादी आधार बांधून, कुणाचा तरी दंड धरून ते भाषणाला उभे राहत. १९९७ मध्ये स्मारक खुले झाले, तेव्हा तेथील मोठ्या पुतळ्यातही अंगावर लांब झगा होता आणि खुर्चीची छोटी चाके मागे वाकून पाहिल्याशिवाय दिसत नव्हती. अपंगांच्या संघटनांनी याला हरकत घेतली, निधी जमवला, आणि जानेवारी २००१ मध्ये प्रवेशापाशीच चाकांच्या खुर्चीत बसलेल्या रूझवेल्टांचा दुसरा पुतळा उभा राहिला. तो उंच चौथऱ्यावर नाही, जमिनीवरच आहे.

बाईंनी आपली स्कूटर त्या पुतळ्याच्या शेजारी नेऊन लावली. दोघांचे डोळे एका पातळीवर आले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांनीही लपवलं होतं का हो फादर? मला वाटायचं, मी एकटीच." आम्हांला उत्तर सुचले नाही. मास्तर पाठमोरे होऊन पाण्याकडे पाहत राहिले.

तिथून कॅपिटॉलकडे गेलो. संसदेच्या या इमारतीच्या पश्चिमेकडील पायऱ्यांवर १२ मार्च १९९० रोजी कित्येक अपंग स्त्रीपुरुषांनी आपल्या खुर्च्या व कुबड्या खाली टाकल्या आणि ते हातांवर, कोपरांवर सरपटत वर चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. अपंगांच्या हक्कांचे विधेयक संसदेत रेंगाळले होते. त्याच वर्षी २६ जुलैला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आपल्या देशातही १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये असे कायदे झाले आहेत. कागदावर आपण फार मागे नाही.

सारेच गोड होते असे मात्र सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी जेवणासाठी एका लहान उपाहारगृहापाशी आलो. दाराला एकच पायरी होती, वीतभर उंचीची. आतले दोन तरुण धावत आले आणि बाईंना स्कूटरसकट उचलतो म्हणाले. त्यांच्या मनात केवळ चांगुलपणा होता. बाईंनी हात जोडून नकार दिला. "मला उचलू नका, बाबा. उचलून घ्यायला मी गाठोडं नाही." शेवटी आम्ही बाहेर पदपथावरच्या बाकावर बसून जेवलो. एका वीतभर दगडाने तिघांचे जेवण बाहेर काढले. आम्ही मनात त्या मालकाला दोष देत होतो. स्वतःच्या दाराची आठवण आम्हांला तेव्हाही झाली नाही.

शेवटच्या दिवशी निष्कलंक गर्भसंभवाच्या राष्ट्रीय बॅसिलिकेत मिस्सेला गेलो. उत्तर अमेरिकेतील हे सर्वांत मोठे कॅथलिक चर्च. पायऱ्या टाळून बाई आपल्या गाडीनिशी आत आल्या आणि इतर भाविकांच्या बरोबरीने एका रांगेच्या टोकाशी थांबल्या. ख्रिस्तप्रसाद घ्यायला त्या स्वतः पुढे गेल्या. चार वर्षांनंतर प्रथमच तो त्यांच्याकडे आला नव्हता, त्या त्याच्याकडे गेल्या होत्या.

या बॅसिलिकेत निरनिराळ्या देशांतील भाविकांनी उभारलेली ऐंशीहून अधिक छोटी प्रार्थनास्थळे आहेत. त्यांत १९९७ मध्ये भारतीयांनी वेलंकनीच्या आरोग्यमातेचेही एक उभारले आहे. परक्या देशात आपली माता भेटल्याचा आनंद आम्हां तिघांनाही झाला. मास्तर मेणबत्तीची जागा शोधू लागले. बाई मात्र हळूच म्हणाल्या, "मी पाच वर्षांची असताना आई मला मद्रासमार्गे वेलंकनीला घेऊन गेली होती. ताक विकणाऱ्या पांगळ्या पोराची गोष्ट तिने वाटभर सांगितली. तो उठून चालू लागला होता ना? आईने मला मातेपुढे उभं केलं आणि हात सोडला. मी पडले. आई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. माझंच काही चुकलं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं."

आमचे सेमिनरीतील शिक्षण दीर्घ होते आणि दुःखाच्या प्रश्नावर आम्ही अनेक ग्रंथ वाचलेले आहेत. त्यांतले एकही वाक्य त्या क्षणी आमच्या ओठांवर आले नाही. आम्ही तिघांनी मिळून एक 'नमो मरिया' म्हटली.

परतताना गाडीत, काहीतरी बोलावे म्हणून आम्ही म्हटले, "बाई, गावी पोहोचल्यावर पहिल्या शुक्रवारी येतो नेहमीसारखा ख्रिस्तप्रसाद घेऊन."

बाईंनी आमच्याकडे पाहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "फादर, एक विचारू? आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव तुम्ही का घातलंत? मी आजारी नाही. मला फक्त पायऱ्या चढता येत नाहीत."

मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाच्या प्रसंगावर आम्ही पंचवीस वर्षे प्रवचने दिली आहेत. चार मित्र त्याला उचलून आणतात, छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. त्यांच्या श्रद्धेची आम्ही प्रत्येक वेळी वाखाणणी केली. छप्पर का उसकटावे लागले, इकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही. दार अडलेले होते. तेही दुर्जनांनी नव्हे, प्रभूचे वचन ऐकायला जमलेल्या भल्या माणसांनीच अडवले होते. त्या रात्री निजताना आम्हांला आमचे दार आठवले.

गावी परतल्यावर पहिल्या सकाळी आम्ही पायऱ्या मोजल्या. पाच. प्रत्येकी सुमारे पंधरा सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची पंचाहत्तर. उतरत्या वाटेसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी, असे प्रमाण आहे. त्या हिशेबाने नऊ मीटरची वाट हवी होती. पॅरिश कौन्सिलच्या सभेत विषय मांडला, तेव्हा एक सभासद म्हणाले, "फादर, दोन-तीन माणसांसाठी एवढा खर्च?" आम्ही आजाऱ्यांची वही पुढे केली आणि नावे वाचली. एकवीस नावे होती. त्यांतली खरोखर आजारी किती आणि केवळ पाच पायऱ्यांमुळे घरी बसलेली किती, हे प्रत्येकाने आपापल्या वाडीपुरते सांगावे, अशी विनंती केली. एका वाडीचे सभासद आपल्याच आईचे नाव आल्यावर खाली मान घालून बसले. मोजणी संपली तेव्हा बारा नावांपुढे खूण झाली होती. ठराव त्याच सभेत झाला.

दर्शनी पायऱ्यांना हात न लावता, बाजूच्या दाराला उतरती वाट बांधून झाली. पहिल्याच रविवारी तीवर कुणी उत्साही तरुणाने मोटारसायकल उभी केली होती, ती हटवावी लागली. आता तीवरून बाबागाड्या येतात, काठ्या येतात, आणि शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसेही तीच वाट धरतात. बाई आपल्या गाडीवरून येतात. मास्तर मागून येतात.

मागच्या महिन्यात आम्ही बाईंना विचारले, "पुन्हा पहिले वाचन कराल का?" त्यांनी वेदीकडे पाहिले. "तिथं दोन पायऱ्या आहेत, फादर."

वेदीच्या त्या दोन पायऱ्या आम्ही मोजल्याच नव्हत्या. त्या रविवारी ध्वनिक्षेपकाची तार खाली ओढून घेतली आणि बाईंनी आपल्या जागेवरूनच वाचन केले. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे. पॅरिश कौन्सिलची पुढची सभा येत्या रविवारी आहे.