सूर तिथे नसतो

देवदर्शनासाठी प्रवास करणारी माणसे पुष्कळ. हवापालटासाठी करणारीही कमी नाहीत. मी मात्र शाळेला सुट्टी लागली की एखाद्या कलावंताच्या कबरीची नाहीतर समाधीची वाट धरतो. आमच्या मंडळींना हे खूळ मुळीच पसंत नाही. "अहो, जित्याजागत्या नातेवाइकांकडे जायला तुम्हाला सवड नसते, आणि गेलेल्या माणसांसाठी मात्र एस. टी.त उभ्याने जायची तयारी!" असे ती म्हणते. तिचे म्हणणे खोडून काढील असा मुद्दा मला अजून सुचलेला नाही.

तसे पाहिले तर अशा ठिकाणी पाहण्यासारखे असते तरी काय? ग्वाल्हेरला तानसेनाची कबर आहे. अकबराच्या दरबारातले ते रत्न. पण भव्य मकबरा आहे तो शेजारच्या महंमद घौस यांचा. तानसेन त्याच्या सावलीत एका लहानशा मंडपाखाली विसावला आहे. जवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा! आपल्या पंढरपुरात ज्या चोखोबांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. आणि नामदेवांनी तर स्वतःसाठी पायरीच मागून घेतली, असे वारकरी सांगतात. ज्यांचे अभंग साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर, त्यांनी जागा घेतली ती लोकांच्या पायांशी!

पण माझे पाऊल पुन्हा पुन्हा वळते ते मिरजेकडे. तिथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडल्या कैराना गावचे. जन्म १८७२ चा. त्या गावावरूनच त्यांच्या घराण्याला 'किराणा' हे नाव पडले. वर्गात एकदा हे सांगितले, तेव्हा एका चुणचुणीत मुलाने विचारले, "गुरुजी, मग ह्यांचे दुकान कुठल्या पेठेत होते?" सारा वर्ग हसला. मीही हसलो. पण मनात म्हटले, पोरा, दुकान नव्हते खरे. माल मात्र घरोघर पोचला!

कारण हा उत्तरेतला माणूस पुरता आपला झाला. त्यांनी मराठी नाट्यपदे गायिली. कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी शिकवले, ते सवाई गंधर्व झाले. हिराबाई बडोदेकर ही त्यांची लेक. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक शाळकरी पोरगा वेडावला आणि गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. पुढे तो सवाई गंधर्वांचा शिष्य झाला. तेच भीमसेन जोशी. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात १९५३ साली जो महोत्सव सुरू केला, तो तुम्हाआम्हाला ठाऊकच आहे. एका तबकडीची एक बाजू म्हणजे अवघी तीनेक मिनिटे. तेवढ्यातून केवढा हा वेलविस्तार!

आणि एवढ्या मोठ्या माणसाचा शेवट कसा झाला? १९३७ चा ऑक्टोबर होता. दिवाळी आठवड्यावर आली होती. मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत खाँसाहेबांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या आडवळणी स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज पढला, दरबारीच्या सुरांत अल्लाचे नाव घेतले आणि डोळे मिटले, असे सांगतात. ती तारीख २७. पार्थिव मिरजेला आणले गेले.

ही हकीकत मला अण्णांनी, माझ्या वडिलांनी सांगितली. अण्णा पोस्टात कारकून होते. गाणे त्यांना येत नव्हते. ऐकणे मात्र येत होते. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली एक कॅसेट त्यांच्याजवळ होती. तीत सुरांइतकीच खरखर. ती खरखर म्हणजे पावसाची सर आहे, असे ते म्हणत. उरुसाच्या रात्री दर्ग्यात गवई हजेरी लावायला येतात, तेव्हा अण्णा मला घेऊन जात आणि माझे डोके मांडीवर घेऊन रात्रभर ऐकत बसत.

शेवटच्या महिन्यात पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. नातवंडांची नावेही ओठांवर येईनात. पण कॅसेट लावली की डाव्या हाताचे एक बोट चादरीवर हलू लागे. सम आली की ते बोट अलगद टेके. एकदाही चुकले नाही. डॉक्टरांना जे सांगता आले नाही ते त्या बोटाने आम्हाला सांगितले. अण्णा अजून आत आहेत. आणि ते कुठे आहेत हे त्या घरात फक्त खाँसाहेबांना ठाऊक आहे!

अण्णांची रक्षा कृष्णेला गेली. आमच्यात माणूस गेला की त्याची अशी जागा मागे उरत नाही. नदी तर वाहतच असते. तिच्यापुढे उभे राहून कोणाशी बोलायचे? मग मी मिरजेला जातो. दोन फुले खाँसाहेबांना वाहतो. त्यांतले एक कोणाचे, ते खाँसाहेबांनाही कळत असेल.

माझ्या मुलीने एकदा तिथे विचारले, "बाबा, ह्यांचे गाणे इथे ऐकू येते का हो?" नाही, बाळ. सूर तिथे नसतो. तो तबकडीत असतो, शिष्यांच्या गळ्यात असतो, एखाद्या आजाऱ्याच्या बोटात असतो. तिथे असतो तो माणूस. ज्याला आपल्यासारखीच गाडी पकडावी लागली, जो थकला, ज्याच्या छातीत दुखले. कला आभाळातून पडत नाही. कुणाचे तरी आयुष्य त्यात खर्ची पडते. एवढे समजले की आपण नुसते ऐकणारे राहत नाही, ऋणकरी होतो. हे ऋण बरे असते. ते फेडण्याची घाई नसते.

यंदा फराळाची ताटे मांडताना घरात एखादे जुने गाणे लावा. ज्याने ते गायिले त्याचे नाव मुलांना सांगा, आणि तुमच्या घरात ते कोणाला आवडत असे, तेही सांगा. एवढे केले तर मिरजेपर्यंत येण्याचे काही कारण नाही. पण जमले तर या.