उत्तर कुणाला हवं आहे?

भूजल पातळी खालावण्याची कारणे स्पष्ट करा. गुण दहा.

पदवीच्या भूगोलात हा प्रश्न या ना त्या शब्दांत येतच असतो. आमच्याकडे, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, त्याचं उत्तर कुठलाही विद्यार्थी लिहितो. पावसाची अनियमितता, बोअरवेलची वाढती संख्या, उसाखालचं क्षेत्र, पुनर्भरणाचा अभाव. प्रत्येक मथळा पट्टीने अधोरेखित, खाली चार-चार ओळी. तपासणी केंद्रावर गठ्ठा पुढ्यात असतो. आदर्श उत्तरात जेवढे मुद्दे दिलेले असतात तेवढे सापडले की गुण पडतात. उत्तरात चूक काहीच नसते, पण त्या उत्तराची गरजही कुणाला नसते. तपासणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं आणि लिहिणारा पुढच्या पेपरपर्यंत ते विसरणार असतो. ज्या शेतकऱ्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते, त्याच्यापर्यंत ते कधी जात नाही.

उच्च शिक्षणातल्या मूल्यमापनाबद्दल माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. विद्यार्थ्याने दिलेलं उत्तर परीक्षकाखेरीज आणखी कुणाला तरी हवं असलं पाहिजे. निदान काही वेळा तरी.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. ज्याने विद्यार्थ्याला कधी पाहिलेलं नाही त्यानेच त्याला तोलावं, हा विचार तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडला. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. १९४९च्या अहवालात त्या आयोगाने म्हटलं की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षांची सुधारणा सुचवू. त्याला पाऊण शतक झालं. दरम्यान सेमिस्टर आलं, क्रेडिट आलं, इंटर्नलचे गुण आले. प्रश्न मात्र तोच राहिला: कारणे स्पष्ट करा.

आमच्या विभागात गेली काही वर्षं आम्ही शेवटच्या वर्षाच्या मुलांना विहिरी वाटून देतो. दोघांची जोडी आणि आसपासच्या गावांतल्या काही विहिरी. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आम्हाला दोनदा जमतं, ऑक्टोबरात आणि मार्चअखेर. काम दिसायला सोपं आहे. वजन बांधलेली टेप सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा, कठड्याची उंची वजा करायची. पण मोटार रात्रभर चालू होती की बंद, हे विचारलं नाही तर तो आकडा फसवा ठरतो. नुकत्याच उपसलेल्या विहिरीत पाणी खाली असणारच. त्यामुळे मालकाला गाठावं लागतं. वीज कुठल्या आठवड्यात दिवसा आणि कुठल्या आठवड्यात रात्री असते, हे माहीत करून घ्यावं लागतं. विहिरीच्या कडेला उभं राहून थर ओळखावे लागतात. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. पुस्तकात कुहरी बेसाल्ट म्हणून पाठ केलेला दगड म्हणजे हाच मांजऱ्या, आणि पाझर त्याच थरातून येतोय, हे डोळ्यांनी दिसतं तेव्हा मुलं गप्प होतात.

मी गुण देते ते मुख्यतः वहीला. छापून बांधलेल्या अहवालाला त्यानंतरचं स्थान. वहीचे नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेले असतात. नोंद जागेवरच करायची, घरी येऊन नाही. आकडा चुकला तर खोडरबर वापरायचं नाही, एक रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. शेजारी कारण लिहायचं. ही मुलं शाळेपासून खाडाखोडीला घाबरत आलेली असतात. सबमिशनच्या आदल्या रात्री स्वच्छ अक्षरात जर्नल उतरवून काढणं त्यांना चांगलं जमतं. रेघ मारलेल्या आकड्याचेही गुण आहेत, यावर विश्वास बसायला त्यांना अर्धं सत्र लागतं.

आणि शेवटी सादरीकरण, तेही कॉलेजच्या हॉलमध्ये नाही. ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांच्यासमोर, त्यांच्या ग्रामपंचायतीत.

अशाच एका सादरीकरणात एक शेतकरी उठून उभे राहिले. म्हणाले, “माझ्या हिरीच्या वरच्या अंगाला बोर मारलीया. तवापासनं पाणी हटलंय. त्या बोरनंच का? तेवढं सांग, पोरी.” ज्याने बोअर मारली होती तोही तिथेच बसलेला होता. सगळ्यांचे डोळे त्या मुलीवर. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “काका, आम्ही दोनदाच पाणी मोजलंय. तेवढ्यावरून हे सांगता येणार नाही. बोअर चालू ठेवून तुमच्या विहिरीतलं पाणी तासातासाला मोजलं, तर कळेल. दोघांची तयारी असेल तर आम्ही येतो.”

माझ्या लेखी त्या वर्षातलं ते सर्वांत चांगलं उत्तर होतं. आपल्या हातातल्या पुराव्याला कुठपर्यंत नेता येतं आणि कुठे थांबायचं, हे तिला कळलं होतं. पुढे काय केलं की कळेल, हेही ठाऊक होतं. गावातल्या दोन घरांमधल्या भांडणात आपला एक शब्द काय करू शकतो, याचं भानही होतं. लेखी परीक्षेत ‘सांगता येणार नाही’ लिहिलं तर शून्य मिळतं. तिथे कोरी जागा सोडायची नाही, काहीतरी लिहायचंच, हे आपण मुलांना शिकवतो. मग तीच मुलं इंजिनियर, अधिकारी, पत्रकार होतात आणि माहीत नसलेल्या गोष्टींवर ठामपणे बोलतात, तेव्हा आपण खंत करतो. ही सवय आपण परीक्षेच्या हॉलमध्ये लावली आहे.

अमेरिकेत ग्रँट विगिन्स यांनी १९८९च्या सुमारास हाच धागा पकडला होता. परीक्षेतलं काम त्या विषयातल्या खऱ्या कामासारखं असावं, असा त्यांचा आग्रह होता. वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० साली चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्षात करणं. आपली बहुतेक विद्यापीठं पहिल्या पायरीवर बसून पदव्या वाटतात.

इथवर माझे सहकारी सहसा माझ्याशी सहमत असतात. पण एक आक्षेप असा आहे की तो मी कधीही हलका मानला नाही. बंद गठ्ठ्यातल्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आडनाव नसतं. आपल्या समाजात ही लहान गोष्ट नाही. ज्यांच्या आडनावावरून, बोलण्याच्या ढबीवरून, गावाच्या आणि वस्तीच्या नावावरून माणसं जोखली गेली, त्यांच्या मुलांना या अनोळखी परीक्षेने संरक्षण दिलं. तोंडी परीक्षेत ‘गाव कुठलं? आडनाव काय?’ असे प्रश्न विषयाच्या आधी विचारले जातात, हे ज्यांनी सोसलं ते विसरत नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारी पाहण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांनी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांतल्या दुजाभावाबद्दल सांगितलेलं २००७ साली त्या समितीच्या अहवालातून समोर आलं. विद्यार्थ्याला जवळून ओळखणारा शिक्षक अधिक न्यायाने गुण देईल, हे गृहीत धरणं भोळेपणाचं आहे. इंटर्नलचे गुण धाकासाठी वापरले जातात, हेही आपण सगळे जाणतो.

मग काय, तीन तासांच्या पेपरकडे परत जायचं? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडेच पाहावं लागतं. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली एक वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ती ‘ऑस्की’ म्हणून रुळली. त्याआधी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला एखादा रुग्ण आणि एखाद-दुसरा परीक्षक येई. रुग्ण अवघड निघाला किंवा परीक्षक चिडलेला असला तर नशीब. हार्डेन यांनी परीक्षेचे छोटे-छोटे थांबे केले. प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक थांब्यावर जातो, तिथे काय पाहायचं ते परीक्षकाच्या हातातल्या यादीत आधीच लिहिलेलं असतं, आणि थांबा बदलला की परीक्षकही बदलतो. काम खरं ठेवून मनमानीला जागा कमी करता येते, हे त्यातून दिसलं. आम्हीही गुणांचे निकष काम सुरू होण्यापूर्वी लेखी देतो. वही दोन शिक्षक वेगवेगळी पाहतात आणि फरक मोठा पडला तर तिसरा बघतो. कुठल्या निकषावर किती मिळाले हे विद्यार्थ्याला दाखवतो. आमच्या खोलीत आडनावावरून बोलायला मनाई आहे. एवढ्याने पूर्वग्रह मरत नाहीत. पण त्यांना लपून राहता येत नाही.

दुसरा आक्षेप कॉपीचा. तयार प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात पूर्वीपासून मिळतात आणि नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून दुकानापर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. घरी लिहून आणायच्या निबंधावर गुण देणं आता जवळपास निरर्थक झालं आहे. आकडेही घरबसल्या रचता येतात. म्हणून काही विहिरी आम्ही दोन जोड्यांना देतो आणि कुठल्या ते सांगत नाही. वही समोर ठेवून पाच मिनिटं बोललं तरी कळतं, हा कठड्याशी उभा राहिला होता की नाही. मालक काय म्हणाले, कुत्रं होतं का, टेप कुठे अडकली.

सगळ्यांना बाहेर जाता येत नाही, हे मात्र नेहमी डोक्यात ठेवावं लागतं. मुलांकडे मोटारसायकली असतात. मुलींना शेवटची एसटी गाठायची असते. काही जण पहाटे धारा काढून येतात, काही दुपारी मेडिकल स्टोअरमध्ये कामाला असतात. म्हणून मोजणी कॉलेजच्या वेळेतच करायची आणि विहिरी घराच्या वाटेवरच्या द्यायच्या. एका विद्यार्थ्याला चालायला त्रास होता. त्याने सगळ्यांचे आकडे एकत्र करून त्यातल्या विसंगती शोधल्या, आणि खऱ्या कामात तेही कुणीतरी करतंच.

या सगळ्याला लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि हिशोब नेमका तिथे चुकतो. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवावं असा यूजीसीचा नियम आहे. वही वाचण्याचे, गावात जाण्याचे, एकेका विद्यार्थ्याशी बोलण्याचे तास त्यात कुठे मोजायचे? राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत शिकवतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांना पैसे मिळतात वर्गात घेतलेल्या तासाचे. माझ्या बरोबरीने उन्हात उभा राहणारा तरुण सहकारी त्या दिवसाचा मोबदला न घेता घरी जातो. नव्या शैक्षणिक धोरणाने फिल्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजाशी जोडलेलं काम यांना क्रेडिट दिले, हे मला मनापासून स्वागतार्ह वाटतं. पण ते तपासणाऱ्या माणसाचा वेळ कुणी मोजला नाही, तर दोन वर्षांत त्याचीही छापील फाईल होईल. काही ठिकाणी झालीही आहे.

अभ्यास मंडळांवर आणि विद्या परिषदांवर बसलेल्या माझ्या मित्रांना म्हणूनच माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत नवा पेपर सुचवण्याआधी एक ठराव मांडा: प्रकल्पाच्या मूल्यमापनाचा तास हा शिकवण्याचाच तास धरावा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्याचे पैसे मिळावेत. रिक्त जागा भरण्याची मागणी त्याच ठरावात जोडा. विहिरी मोजायला मुलं तयार आहेत.