ओले लाकूड

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने दिवाळी अंकात काय लिहावे, हे ठरून गेलेले आहे. टेम्स नदी, राजवाड्यापुढचे पहारेकरी, तिथली थंडी आणि तिथले बेचव जेवण. हे सारे आम्हीही पाहिले, सोसले आणि गिळले. सौ.जवळ त्याचे फोटो आहेत. पुण्यात आमच्या घरी कोणी आले, की चहाच्या आधी ते दाखवले जातात. मी मात्र लिहिणार आहे ते एका रानात महिन्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीविषयी. तिथे मंडळी जमतात ती ओले लाकूड तासायला!

आमचे चिरंजीव हाय विकमला असतात. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनावरून आगगाडीने अर्ध्यापाऊण तासात तिथे पोचता येते. गावाभोवती चिल्टर्नच्या टेकड्या आणि टेकड्यांवर बीच वृक्षांची राने. २०२३ च्या मे महिन्याच्या आरंभी आम्ही गेलो, तेव्हा बीचला नुकती पोपटी पालवी फुटली होती आणि झाडांखाली निळ्या घंटाफुलांचा नुसता पूर लोटला होता. हे गाव खुर्च्यांचे. १८७७ साली व्हिक्टोरिया राणी येणार म्हणून गावकऱ्यांनी स्वागताची कमान उभारली, तीही फुलापानांची नव्हे, खुर्च्यांवर खुर्च्या रचलेली! तिथल्या फुटबॉलच्या संघाला लोक आजही 'चेअरबॉइज' म्हणतात.

पहिल्याच शनिवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, उद्या माझ्याबरोबर रानात चला. चमचे करायला."

मला थट्टा वाटली. हा मुलगा पुण्यात असताना भिंतीवर खिळा ठोकायचा झाला तरी शेजाऱ्यांना हाक मारी.

रानात एक ताडपत्री ताणलेली होती, तिच्याखाली शेकोटी आणि शेकोटीवर काळीठिक्कर किटली. दहाबारा माणसे होती. एक निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, एक टपालवाला, आपल्या दोन मुलांना घेऊन आलेली एक बाई. कोणी केक आणला होता, कोणी कुऱ्हाड. नाव सांगितले, हस्तांदोलन झाले, की माणूस मंडळात सामील. कोण कुठला, कोणाचा, हे कोणी विचारले नाही.

काम सुरू झाले ते ओंडका फोडण्यापासून. काटकोनात मूठ बसवलेले एक लांबट पाते ओंडक्याच्या टोकावर धरायचे, वरून लाकडी ठोकळ्याने हाणायचे आणि मूठ आपल्याकडे ओढायची. करवत लागतच नाही. चर्र आवाज होतो आणि लाकूड आपल्याच रेषेने उकलत जाते. करवत सरळ जाते, पण तंतू तोडत जाते. फोडलेल्या लाकडात तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो, म्हणून बारीक पायसुद्धा माणसाचे ओझे पेलतो. आणि झाड ताजे तोडलेले असेपर्यंतच हे सुखाने होते. सुकल्यावर तेच लाकूड हत्याराशी भांडू लागते.

चमच्यांना बर्चचे लाकूड होते. हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा विलायती भाऊ; आपल्या पूर्वजांनी त्याच्या सालीवर ग्रंथ लिहिले, हे लोक त्याच्या गाभ्यातून चमचे काढतात! हत्यारांच्या दांड्यांना ॲश. २०१२ साली त्या देशात ॲशवर पडलेला बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून रोगट झाडे पाडावी लागत आहेत. तशा पाडलेल्या झाडांतले चांगले लाकूड इथे कामी येते.

एका कोपऱ्यात लेथ होती. वीज नाही, लोखंडही फारसे नाही. डोक्यावर एक लवचीक वासा, त्याला बांधलेली दोरी, तिचा वेढा लाकडाला, आणि खालचे टोक पायपट्टीला. पाय दाबला, की लाकूड फिरते. सोडला, की वासा दोरी वर ओढून घेतो आणि लाकूड उलटे फिरते. पटाशी लावायची ती पाय दाबतानाच. एकेकाळी या रानात असे कातारी झोपड्या घालून राहत. त्यांना 'बॉजर' म्हणत. उभी झाडे विकत घ्यायची, तिथेच पाय आणि आडवे दांडे कातायचे आणि विकमच्या कारखान्यांना विकायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतले अखेरचे संपले.

त्या दोरीची उलटसुलट फेरी बघत मी उभा राहिलो आणि नकळत माझा उजवा हात हलू लागला. आमचे आबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात बलुत्याचे सुतार होते. नांगर करायचे, कुळव करायचे, मोडलेले चाक सांधायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचे. सामत्याने भोक पाडताना दोरी ओढायचे काम माझ्याकडे असे. पण तेवढेच. पात्याच्या हत्याराला हात लावला, की आबांचा आवाज चढायचा, "ठेव ते! तुज्या हातात पेन शोभंल. ह्यात काय न्हाई."

मी पेन धरले. बँकेत पस्तीस वर्षे काढली. सहकारी वडिलांविषयी विचारीत तेव्हा 'गावी शेती असते' असे सांगत आलो. हे आजवर मी कोठे लिहिले नव्हते.

एवढ्यात टपालवाल्याने पेटीतून एक हत्यार काढले. लहान दांडा, आडवे वाकडे पाते. मी मराठीतच ओरडलो, "वाकस!"

ही मंडळी त्याने स्टुलाची बैठक कोरतात. विकमच्या खुर्च्यांच्या एल्म लाकडाच्या बैठकाही पूर्वी अशाच हत्याराने कोरीत. चिरंजीव जवळ आले. "बाबा, आजोबा हे कसं धरायचे?"

मी सांगू शकलो नाही. धरले कसे, ते मला ठाऊक नव्हते. बसायचे कसे, एवढेच आठवत होते. तेव्हा मी बूटमोजे काढले, जमिनीवर बसलो आणि लाकूड दोन्ही पावलांत धरले. साहेब मंडळी लाकूड धरायला लाकडी घोडा वापरतात. माणसाचे पायच घोडा होतात, हे पाहून सारे भोवती जमले. दोन घाव घातले, तिसरा अंगठ्याजवळून गेला आणि सौ.ने तिथेच सभा बरखास्त केली.

चहा पिताना मी त्या निवृत्त शिक्षकांना म्हणालो, "आमच्याकडे हे काम जन्माने मिळे. नको म्हणायची सोय नव्हती. तुम्ही हौसेने करता."

ते थोडा वेळ किटलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझे आजोबा याच टेकड्यांत खुर्च्यांचे पाय कातायचे. हिवाळ्यात झोपडीत बोटं बधिर व्हायची. वडिलांना त्यांनी हत्याराला हात लावू दिला नाही. मी शिकलो तो साठीनंतर, पुस्तकातून."

आम्ही दोघेही गप्प झालो. कोठे चिल्टर्न आणि कोठे सातारा! पण दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मुलांना एकच वाक्य सांगितले होते, आणि ते चुकले असे म्हणण्याचा अधिकार, पोट भरल्यावर छंद करणाऱ्या आम्हां दोघांपैकी कोणालाच नव्हता.

तीन महिन्यांच्या तीन बैठकांत चिरंजीवांनी आणि मी मिळून एक तिपायी स्टूल केले. पहिल्या बैठकीत पाय फोडून ठेवले होते, जूनमध्ये ते कातले. घरी ते गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात सुकत ठेवले, तर पंधरा दिवसांत गोल पाय अंडाकृती झाले! लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवे आटते. त्यातही एका दिशेने जास्त. मी हळहळलो, तर चिरंजीव म्हणाले, "बिघडलं नाही बाबा, असंच व्हायला हवं." जुलैमध्ये पायांचे ते खडखडीत सुकलेले कुसू बैठकीच्या किंचित ओल्या लाकडातल्या भोकांत ठोकले. खिळा नाही, सरस नाही. बैठक सुकेल तसे तिचे भोक पायाला आवळत जाणार. तरी निघायच्या दिवशी मी बसून पाहिले, तेव्हा एक पाय जरासा कुरकुरत होता.

पुण्यात आल्यावर मी माळ्यावर चढलो. आबांचा वाकस तिथे नव्हता. तो स्वयंपाकघरात, ओट्याखाली होता. गेली कित्येक वर्षे आमच्या घरचे नारळ त्यानेच फुटत होते आणि ते मला ठाऊकही होते. धार पार बोथट झाली होती. लोहाराकडून पाते शेवटून घेतले, बाभळीचा नवा दांडा बसवून घेतला. चिरंजीव दिवाळीला यायचे आहेत. जाताना तो त्यांच्या मोठ्या बॅगेत जाईल. सौ. तेवढे विचारते आहे, की मग नारळ कशाने फोडायचे?

गेल्या आठवड्यात चिरंजीवांचा फोन आला. इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "बाबा, सांगायचं राहिलं. स्टूल आता कुरकुरत नाही. घट्ट बसलंय."