काळी तार

स्विच दाबला की बॉनेटखालून टर्रर्र असा आवाज यायचा आणि बंपरवरचे दोन्ही दिवे नुसते लालसर धुगधुगायचे. स्विच बंद केला की आवाजही बंद. कोरड्या दिवसांत कधीकधी ते मुकाट्याने लागायचेही. पण कुणाला दाखवायला म्हणून बॉनेट उघडावं, तर हटकून टर्रर्र.

सावंतवाडीहून आंबोलीमार्गे आजऱ्याला माझं बऱ्याचदा रात्रीचं जाणं-येणं असतं. दाणोली मागे पडली की घाट लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर, वर्षाचा पाऊस ७,००० मिलिमीटरच्या आसपास. पावसाची सवय होते, गव्यांची होत नाही. काळ्या रात्री ओल्या काळ्या डांबरावर काळा गवा आडवा उभा असला, तर जुन्या जीपच्या हेडलाइटमध्ये तो अगदी जवळ पोचल्यावरच दिसतो. म्हणून हे जादा दिवे बसवून घेतले होते. आमच्याकडे त्यांना सरसकट फॉग लॅम्प म्हणतात, पण ते फॉग लॅम्प नव्हेत. फॉग लॅम्प बंपरखाली बसतो. त्याचा झोत रुंद, आखूड आणि वरून सपाट कापलेला असतो. माझे ड्रायव्हिंग लाइट आहेत, लांबवर झोत फेकणारे. ते धुक्यात लावले तर सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

जोडणी तशी सरळ आहे. बॅटरीच्या प्लसवरून जाड तार फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून दिव्यांना. रिलेच्या कॉइलला ८६ वर अप्परच्या तारेतून, डॅशबोर्डवरच्या स्विचमार्फत, सप्लाय आणि ८५ ला अर्थ. दोन्ही बल्ब ५५ वॉटचे, म्हणजे एकेक साडेचार अँपियरच्या वर खातो, दोघे मिळून नऊच्या पुढे. एवढा करंट छोट्या स्विचमधून नेला तर स्विच वितळेल. कॉइलला मात्र अँपियरचा छोटासा अंशच पुरतो, त्यामुळे स्विचवर भार येत नाही आणि जड काम रिले करतो. अप्परवरून सप्लाय घेण्याचा आणखी एक फायदा असा, की समोरून गाडी आल्यावर डिपर मारला की हेही दिवे विझतात. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारणाऱ्यांची घाटात कमी नाही. त्यांत आपली भर कशाला?

आवाज रिलेचा, म्हणून आधी रिले बदलला. फरक शून्य. एका गॅरेजवाल्याने बॅटरी मोडीत काढली आणि नवी घ्यायला सांगितली. मी मीटर घेऊन बसलो. फ्यूज शाबूत. दोन्ही दिव्यांचे कनेक्टर सोडवून, रिले ओढून काढून ३० आणि ८७ जोडले आणि एका कनेक्टरच्या दोन पिनांवर मीटर लावला, तर १२.४ व्होल्ट. प्लस ठीक, मायनस ठीक, बल्बही बाहेर काढून थेट बॅटरीवर लावला तर लख्ख. सगळं ठीक, आणि दिवे मात्र लागत नाहीत!

शेवटी बाजारामागे ट्रकांचं वायरिंग करणाऱ्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी माझी हकिगत अर्धीच ऐकली. "मीटर ठेव बाजूक. हेका करंट व्हयो, नुसतो व्होल्ट बघून काय करतलंस?" म्हणाले. त्यांच्याकडे दोन तारा जोडलेला हेडलाइटचा एक जुना बल्ब होता. तो त्यांनी कनेक्टरला लावला. बल्ब पिवळट, मरगळलेला. मग त्याची निगेटिव्ह तार काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि तो भक्कन पेटला. "अर्थ गावना नाय."

मीटर तसा खोटं बोलत नव्हता. तो स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, आणि करंट वाहिल्याशिवाय खराब सांध्यावर व्होल्ट पडत नाहीत. कनेक्टर सोडवून मोजलेलं माप त्यामुळे निरुपयोगी. आता दोन्ही दिवे जोडून, पेटते ठेवून मी मीटरचं एक टोक दिव्याच्या काळ्या तारेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं. आले जवळजवळ ४ व्होल्ट. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या तीनहून मोठ्या घातांकाने उतरतो. एक तृतीयांश व्होल्ट वाटेतच गेले, तर एक तृतीयांशही उजेड उरत नाही.

दोन्ही दिव्यांच्या काळ्या तारा आणि रिलेची ८५ ची तार, तिन्ही एकाच बोल्टखाली आवळलेल्या होत्या. बोल्ट बंपरच्या रंगवलेल्या पट्टीवर. रंग न खरवडताच थिंबल बसवलेले, आणि पावसाळ्यांनी त्यावर गंज चढवलेला. टर्रर्रचं कोडं इथे सुटलं. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण दशांश असतो, म्हणून रिले चिकटताक्षणी करंटचा लोंढा येतो. मोरी तुंबली की न्हाणीत पाणी चढतं, तसे त्या बोल्टवर व्होल्ट चढतात. कॉइलचा अर्थ तोच असल्याने तिच्या वाट्याला दोन-अडीच व्होल्ट उरतात आणि रिले सुटतो. सुटला की करंट थांबतो, बोल्ट पुन्हा शून्यावर येतो, रिले पुन्हा चिकटतो. सेकंदात कितीतरी वेळा. कोरड्या दिवशी सांधा जरा बरा टेकला की हे चक्र सुरूच होत नव्हतं.

काकांनी बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासायला घेतली, मग विचार बदलून तो नादच सोडला. दिव्यांची काळी तार नवी, अडीच चौरस मिलिमीटरची, सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढली. रिलेला वेगळी बारीक तार दिली. थिंबलांवर ग्रीस. पुन्हा मोजलं तर ०.१ व्होल्ट, आणि रिलेची एकच स्वच्छ 'टक्'. मजुरीपेक्षा तारेचे पैसे जास्त झाले.

त्याच संध्याकाळी गोदामाच्या भिंतीसमोर गाडी उभी करून झोत जरासे खाली घेतले. धुक्यासाठी खरे फॉग लॅम्प अजून बसवायचे आहेत, त्यांचा स्विच मात्र अप्परपासून वेगळा ठेवावा लागेल. जूनच्या आत व्हायला हवं.