भिंतीच्या पोटात

गेले तीन विकांत इथे काहीच खरडलं नाही. आळस हे नेहमीचं कारण आहेच, पण यावेळी अजून एक आहे. मी घराच्या भिंतीचे फोटो काढत होतो. रात्री, कडाक्याच्या थंडीत, भाड्याने आणलेल्या थर्मल कॅमेऱ्याने. शेजाऱ्यांना नक्की वाटलं असणार की या माणसाचं डोकं फिरलंय :)

तर मंडळी, पहिल्यापासून सांगतो.

२०२३ साली आम्ही इथे इंग्लंडमध्ये नवीन घर घेतलं. घेतलं म्हणजे बुक केलं, बांधकाम चालू होतं. लहानसा बिल्डर, सहा घरांची साईट. नेमके तेव्हाच आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत गेलेली. बांधकाम चालू आहे म्हटल्यावर ते घरात बसणं शक्यच नव्हतं. मॅनेजरची वेळ घेऊन एका शनिवारी गेलो, डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळी जाकिटं.

भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. बाबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, या दोन-दोन भिंती कशाला बांधतायत?"

इथे नव्या घरांत बाहेरची भिंत सहसा एक नसते. बाहेर विटेची, आत काँक्रीट ब्लॉकची आणि मध्ये पोकळी, म्हणजे कॅव्हिटी. दोघींना धरून ठेवायला स्टेनलेस स्टीलचे वॉल टाय. गंमत म्हणजे ही पोकळी मुळात थंडीसाठी नव्हतीच, पावसासाठी होती. वीट पाणी पिते, आणि इथला पाऊस एकदा वाऱ्याबरोबर भिंतीवर यायला लागला की थांबत नाही. ते पाणी बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाने खाली उतरावं, आतल्या भिंतीला शिवू नये, एवढाच हेतू. टायच्या मध्यावर एक वाक असतो, तो खाली करून बसवायचा. टायवरून सरकत आलेला थेंब तिथेच टपकतो.

"म्हणजे भिंतीच्या पोटात पागोळी!" बाबा खूश.

पुढे १९७० च्या दशकात तेल महागलं, घर तापवणं परवडेना, आणि लोकांचं लक्ष या रिकाम्या जागेकडे गेलं. तेव्हापासून एकाच पोकळीवर दोन कामं: पाणी अडवायचं आणि ऊबही धरायची. आमच्या घराला १५० मिलिमीटरची पोकळी आहे. त्यात १०० मिलिमीटरचा फोमचा बोर्ड आतल्या भिंतीला टेकवून टायवरच्या क्लिपने दाबायचा, उरलेली ५० मोकळी सोडायची. बोर्डची उंची ४५० मिलिमीटर, म्हणजे सांध्यांसकट ब्लॉकचे बरोब्बर दोन थर आणि विटांचे सहा. टाय आपोआप बोर्डच्या कडेवर येतात. ज्याने हे मोजमाप बसवलं त्याला माझा सलाम!

बाबांनी माझा मोबाईल मागितला, टॉर्च लावून आत पाहिलं आणि बोट घातलं. बोर्ड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बोट आरामात गेलं.

"बघ. सांध्यातून बाहेर आलेला माल थापीने कापलाच नाही. तो वाळून गोळा झाला, त्यावर बोर्ड टेकलाय. भिंतीला नाही." एक-दोन टायवर पण मालाचे गोळे होते. ते तर पाण्याला आत यायला पूलच.

मी म्हटलं, एवढ्याशा फटीने काय होतं? होतं. बोर्डच्या मागे गार हवा शिरते, ब्लॉकची ऊब घेऊन वर चढते, बोर्डच्या सांध्यातून बाहेर पडते, खाली येते, पुन्हा आत. बोर्ड कितीही महागाचा असो, त्याला वळसा घालून उष्णता पसार. स्वेटर अंगात घालायच्या ऐवजी हँगरला लावून शेजारी उभं राहिल्यासारखं.

"आत्ताच्या आत्ता सांग त्याला. भिंत बंद झाली की संपलं."

मी म्हटलं, "बघतो, बाबा."

आणि दोन आठवडे नुसतं 'बघत' राहिलो. खरं कारण सांगू? लाज वाटली. आपण कीबोर्ड बडवणारे, गवंड्याला काय शिकवणार? परत 'कटकट्या भारतीय गिऱ्हाईक' हा शिक्का. तपासणी करणारे अधिकारी आहेत की! मग आपल्या जमातीचं नेहमीचं केलं: वाचत बसलो. त्यात एक भारी प्रकरण सापडलं. लीड्सच्या विद्यापीठातल्या लोकांनी २००० च्या दशकात मँचेस्टरजवळच्या स्टॅमफर्ड ब्रुक वसाहतीत नव्या घरांची मोजमापं घेतली. दोन घरांमधली सामाईक भिंत दोन्हीकडून उबदार, म्हणून तिच्यातून उष्णता जाते शून्य, असं हिशोबात धरलेलं. प्रत्यक्षात त्या भिंतीतल्या पोकळीतून हवा ऊब घेऊन वर छपराकडे चालली होती. २०१० मध्ये नियम बदलावा लागला. डॉक्युमेंटमध्ये शून्य लिहिलं म्हणजे शून्य होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

शेवटी फोटो जोडून मेल टाकली. मॅनेजर चिडला वगैरे अजिबात नाही. जेवढं उघडं होतं तेवढे बोर्ड काढून परत बसवले. आतली भिंत आधी चढवायची, माल कापायचा, टाय पुसायचे, मग बोर्ड, मग वीट. काम करणारा गवंडी मला म्हणाला, "मला विटांच्या हिशोबाने पैसे मिळतात. खरवडायचे कोण देतो?" त्याला काय उत्तर देणार!

पण त्या दोन आठवड्यांत उत्तरेकडची भिंत पार वरपर्यंत बंद झाली होती.

कॅमेऱ्यात आता तीच भिंत वेगळी दिसते. इतर भिंती एका रंगाच्या, हिच्यावर आडवे पट्टे. कॅमेरा फट दाखवत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, त्यामुळे शपथेवर काही सांगता येणार नाही. पाहायचं तर विटा काढाव्या लागतील. २०२२ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे नव्या घराच्या इन्सुलेशनचे फोटो काढून ठेवावे लागतात. आमच्या फाईलमध्येही आहे एक, एका व्यवस्थित बसलेल्या बोर्डचा.

कोणी इथे नवीन घर घेत असाल तर भिंत छातीपर्यंत असताना एकदा जाऊन या. टॉर्च न्या. बोर्डच्या मागे बोट घालून बघा, टायवर माल आहे का बघा, तळाशी पडलेला ढीग बघा. आणि दिसलं तर त्याच दिवशी बोला.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "ती उत्तरेची भिंत कशी आहे रे?" म्हटलं, गार आहे. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरीचा पलंग तिकडून हलव."

हलवलाय.