दुपारी परत फिरता येईल असे तिकीट

एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एक ठरलेली वर्दळ असते. मुलाबाळांसह आठ-दहा दिवसांसाठी परदेशी निघालेली ज्येष्ठ मंडळी प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, पुरेशा गोळ्या आणि विम्यासाठी तपासण्यांच्या नोंदी घ्यायला येतात. विमानात पाय सुजतील का, मधुमेहाची गोळी कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, हे प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. तिथे उतरल्यावर बसचे आणि मेट्रोचे कोणते तिकीट घेणार, हा प्रश्न मात्र मलाच विचारावा लागतो. सोबतची मुले चमकून पाहतात. डॉक्टरांचा या गोष्टीशी काय संबंध, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

संबंध आहे, आणि तो मला एका जुन्या रुग्णाने शिकवला. हृदयाची ताकद कमी झालेले हे गृहस्थ रोज सकाळी लघवीची गोळी घेत. परदेशातल्या एका शहरासाठी मुलाने सगळ्यांचे तीन दिवसांचे पास आधीच काढले होते. पास वसूल व्हावा म्हणून सकाळी आठला निघायचे आणि रात्री आठला परतायचे, असा क्रम ठरला. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने त्यांनी तिन्ही दिवस गोळी टाळली आणि पाणीही बेतानेच प्यायले. परतल्यावर रात्री त्यांना आडवे होता येईना, इतका दम लागला. रुग्णालयात पाच दिवस काढून ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "पोरांनी एवढे पैसे भरले होते हो. मी कसे म्हणू, थांबा?"

'वसूल' हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला मोठा जबरदस्त शब्द आहे. भरलेल्या ताटापासून भरलेल्या पासापर्यंत सर्वत्र त्याची सत्ता चालते. घरातले वृद्ध तर त्याला अधिकच बांधलेले असतात, कारण खर्च आपल्यामुळे वाढला अशी रुखरुख त्यांना आधीपासूनच असते.

2025 च्या मे महिन्यात आम्ही लंडनला सहा दिवसांसाठी निघालो, तेव्हा हे बोल माझ्या मनात ताजे होते. आम्ही पाच जण होतो. सासरे नाना 82 वर्षांचे, त्यांनाही लघवीची गोळी चालू, सासूबाई माई 78 वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले, आम्ही दोघे, आणि माझ्या दिरांची दहा वर्षांची मुलगी. यजमानांनी तिकिटांचा रीतसर तक्ता मांडला होता. आठवड्याचा ट्रॅव्हलकार्ड पास त्यांना आवडला होता, कारण एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही. मी त्या तक्त्यात एकच रकाना वाढवायला सांगितला : दुपारी एक वाजता नाना 'आता पुरे' म्हणाले, तर किती पैसे वाया जातील?

लंडनची पद्धत समजून घेतली की या रकान्याचे उत्तर सोपे होते. तिथे ऑयस्टर नावाचे भरणा-कार्ड किंवा आपले स्पर्शविरहित बँक कार्ड यंत्रावर टेकवून प्रवास करता येतो. प्रत्येक फेरीचे भाडे कापले जाते, पण दिवसभरात एका ठरावीक रकमेपलीकडे काहीही कापले जात नाही. शहराच्या मध्यभागातील झोन 1 आणि 2 साठी ही मर्यादा 2025 साली 8.90 पौंड होती. त्याच झोनचा सात दिवसांचा पास तेव्हा 44.70 पौंडांचा होता. म्हणजे पाच दिवस पुरेपूर भटकंती झाली, तरच तो बरोबरीला येतो. ज्या कुटुंबात एखादा दिवस विश्रांतीचा असणार आणि एखाद्या दिवशी दुपारीच परतावे लागणार, त्याने तो घेण्यात अर्थ नाही. मर्यादेच्या पद्धतीत जेवढे फिरलो तेवढेच पैसे जातात, आणि न फिरल्याचा दंड कोणालाच बसत नाही. नानांना हे समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैलावला, तो मला त्या तक्त्यापेक्षा अधिक पटला.

ज्यांना मुख्यतः बसनेच फिरायचे आहे, त्यांच्यासाठी हिशेब याहून हलका आहे. 2025 साली बसचे भाडे अंतर कितीही असो 1.75 पौंड होते, आणि बसपुरती दिवसाची मर्यादा 5.25 पौंड, चौथ्या फेरीपासून पुढे काही लागत नव्हते. शिवाय पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडे पडते. बस बदलण्याची ही सोय 2016 साली सुरू झाली. तिचे वैद्यकीय मोल मी फार मानते. मध्येच उतरून एखाद्या संग्रहालयातले स्वच्छतागृह गाठावे, पाणी प्यावे आणि मागून येणारी बस धरावी. खिशाला चट्टा बसत नाही. भुयारी रेल्वेच्या बहुतेक स्थानकांवर अशी सोय नाही, आणि फाटकाबाहेर पडून पुन्हा आत शिरलो तर नवे भाडे सुरू होते.

गुडघ्यांच्या दृष्टीनेही बसच बरी. लंडनमधील भुयारी स्थानकांपैकी साधारण एक-तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता-उतरता जाता येते. गुडघे झिजलेल्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक दुखते, हे माझ्या वयस्क वाचकांना सांगायला नको. त्यात दुहेरी भिंगाचा चष्मा असला की खालची पायरी धूसर दिसते आणि सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना तोल जातो. तिथल्या नकाशावर स्थानकांपुढे चाकाच्या खुर्चीची खूण असते. निळी खूण असेल तिथे रस्त्यापासून थेट गाडीपर्यंत पायरी लागत नाही. पांढरी असेल तिथे फलाटापर्यंतच, पुढे गाडीत चढताना उंचवटा किंवा फट असू शकते. तिकीट निवडण्याआधी हा नकाशा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हॅमरस्मिथला मुक्काम ठेवण्याचे कारण हेच होते. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइन गाडी न बदलता तिथे आणते आणि दोन्हीकडे उद्वाहक आहे. 2022 साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन वेगवान आहे आणि तिच्या सर्व 41 स्थानकांत पायऱ्यांविना जाता येते. पण आमच्यासाठी पुढे गाडी बदलणे आले असते, आणि भाडेही बरेच जास्त. शिवाय 9 क्रमांकाची बस हॅमरस्मिथहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा हमखास मिळते. केन्सिंग्टन, ॲल्बर्ट हॉल, हाइड पार्कचा कोपरा आणि ट्रॅफल्गार चौक हे सारे तिच्या खिडकीतून दिसते. मुलीला वरचा मजला हवा होता. ती काकाबरोबर वर गेली आणि आम्ही तिघे खाली दाराजवळच्या राखीव आसनांवर बसलो. चालत्या बसमध्ये जिना चढणाऱ्या किंवा बसण्याआधीच बस सुटल्यामुळे पडलेल्या वृद्धांचे अस्थिभंग मी इथेही पुष्कळ पाहिले आहेत.

कार्डांविषयी थोडे. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र कार्ड लागते. एक कार्ड दोघांना चालत नाही. नाना-माईंसाठी आम्ही ऑयस्टर घेतले, कारण निवृत्तिवेतनाच्या खात्याचे त्यांचे कार्ड तिथे चालणारे नव्हते. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेसचे स्पर्शविरहित कार्ड असेल तर ते चालते, मात्र परदेशातील वापर आधी बँकेकडून सुरू करून घ्यावा लागतो. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत बस आणि भुयारी रेल्वे फुकट आहे. भुयारी रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवायचे. बाहेर पडताना विसरले तर सर्वाधिक भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र चढतानाच एकदा. माईंना हे दोन दिवस जमेना. मग त्या फाटकाशी थांबून मोठ्याने "टेकवले!" म्हणू लागल्या, आणि मागच्या रांगेतले लोक हसू लागले.

नानांनी तिसऱ्याच दिवशी विचारले, "आपल्याकडे पंचाहत्तरीनंतर एस.टी. फुकट आहे. इथल्या सरकारला म्हाताऱ्यांची माया नाही का?" आहे, पण ती तिथल्या रहिवासी ज्येष्ठांपुरती. परदेशातून आलेल्या वृद्धांना पूर्ण भाडे. त्यांना हे मुळीच रुचले नाही.

गोळीचे वेळापत्रक मी तिकिटाला जोडून घेतले. नानांच्या गोळीचा जोर पहिल्या दोन तासांत सर्वाधिक असतो. घड्याळ साडेचार तासांनी मागे गेल्याने ते पहाटेच जागे होत. म्हणून साडेसहाला गोळी, मग सावकाश न्याहारी, आणि साडेदहाला बस. तोवर सकाळची गर्दीही ओसरते, आणि साडेनऊनंतर भुयारी रेल्वेचे भाडेही उतरते. ज्यांना अशी गोळी चालू आहे त्यांनी ती मनाने बंद करू नये. सहलीच्या दिवसांत वेळ पुढे-मागे करता येईल का, ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पाणी तोडणे तर मुळीच नको.

चौथ्या दिवशी टॉवर ऑफ लंडनला जायचे होते. सव्वा वाजता, ट्रॅफल्गार चौकात, नाना बाकावर बसले आणि म्हणाले, "मी आणि माई परत जातो. तुम्ही पुढे व्हा." त्यांच्या पायांवर किंचित सूज होती, दम नव्हता. मी त्यांच्यासोबत 9 क्रमांकाच्या बसने परतले. यजमान आणि पुतणी 15 क्रमांकाच्या बसने टॉवरकडे गेले. कोणाचेही तिकीट फुकट गेले नाही. नाना हे सहज बोलू शकले, याचे मला किती बरे वाटले, ते माझ्या त्या जुन्या रुग्णालाच कळेल.

एक जागा मात्र त्यांनी सोडली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना ज्या घरात राहिले, ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. आम्ही शेपर्ड्स बुशहून 31 क्रमांकाची बस धरली. ती जवळच्या ॲडलेड रोडवरून जाते. भुयारी रेल्वेपेक्षा वेळ अधिक लागला, पण दोघे सारा रस्ता बसून आले आणि तिथे पाऊण तास उभे राहण्याइतकी शक्ती नानांच्या पायांत उरली.

आता परदेशी निघणाऱ्या ज्येष्ठांच्या हाती मी औषधांच्या चिठ्ठीसोबत आणखी एक छोटी चिठ्ठी देते. ती प्रवासाच्या कार्डाच्या पाकिटातच ठेवायची. तिच्यावर मुक्कामाचा पत्ता, तिथे परत नेणाऱ्या बसचा क्रमांक, मुलांचा फोन, आजारांची आणि गोळ्यांची नावे. अक्षर मोठे, शाई काळी.